बत्तीसची चिप

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत सुगत सोनकांबळेचं दुरुस्तीचं दुकान आहे. सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टरची कार्डं, टीव्हीचे पॅनल असं सगळंच तिथं येतं, पण त्याचा जीव राउटरमध्ये. घरोघरचे जुने राउटर बदलून नवे बसवले जातात आणि जुने पोत्यात भरून भंगारात जातात. सुगत ती पोती उचलून आणतो. तो म्हणतो, डबा मेलेला नसतो, कंपनीनं त्याला वाऱ्यावर सोडलेलं असतं.

कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे डब्याला चालवणारी आतली प्रणाली, काही वर्षांत जुनं होतं आणि त्याच्या दुरुस्त्या येणं थांबतं. उलट जगभरच्या हौशी माणसांनी मिळून लिहिलेलं ओपन सोर्स फर्मवेअर कुणालाही घेता येतं, हवं तसं बदलता येतं. ते घातलं की जुना राउटर नुसता इंटरनेट वाटत बसत नाही. त्याला तारा जोडून सांगाल ते काम तो करतो. फक्त त्याला जागा लागते. जुन्या राउटरमधली साठवणीची चिप चार एमबीची, बोटाच्या नखाहून लहान. नवं फर्मवेअर तिच्यात मावत नाही. म्हणून सुगत गरम हवेनं ती चिप उचलतो आणि तिच्या जागी सोळा एमबीची बसवतो. रॅमही तोकडी पडते. ती तो बंद पडलेल्या लॅपटॉपमधून काढतो. त्यासाठी नांदेडच्या एका भंगारवाल्याकडं त्याची फेरी असते. तिथं तो रॅमची पट्टी उजेडात धरून बघतो. एका बाजूला मोठ्या चार चिप असल्या तर त्या राउटरला जुळतात, बारीक आठ असल्या तर पट्टी परत टोपलीत. आणि जुनी साठवणीची चिप टाकण्याआधी तिच्यातला शेवटचा तुकडा तो नव्या चिपमध्ये उतरवून घेतो, कारण त्यात त्या एकाच डब्याच्या रेडिओचं माप असतं. ते गेलं तर डबा चालतो, पण त्याचा संदेश लांब पोचत नाही.

असा जपून काम करणारा माणूस. म्हणून पुढं जे झालं ते त्याला फार जड गेलं.

सुगतचं गाव बेलसांगवी, देवणी तालुक्यातलं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. गाव आणि पलीकडचे मळे यांच्या मधून एक ओढा जातो. एरवी घोट्याएवढं पाणी. पण वर तोगरवाडीच्या माळावर पाऊस झाला की गावात लख्ख ऊन असताना लोंढा येतो. एका भादव्यात त्यानं दोन म्हशी नेल्या. त्या वर्षी गावातले शेषेराव बिरादार सुगतच्या दुकानात येऊन बसले.

"लोकाचे डबे नीट करायलास," ते म्हणाले, "आपल्या वढ्याची खबर देणारा डबा न्हाई का करता येत?"

सुगत हसला, पण गोष्ट त्याच्या डोक्यात राहिली. त्यानं तीन राउटर तयार केले. एक तोगरवाडीच्या पुलापाशी. पुलाखाली पाण्यावर तरंगणारं बटण, पाणी चढलं की बटण उचललं जाणार आणि राउटर खबर पाठवणार. दुसरा मधे, चढावर, तो खबर घेऊन पुढं देणार. तिसरा गावातल्या शाळेच्या गच्चीवर, तो भोंगा वाजवणार. प्रत्येकाला सोलर प्लेट आणि बॅटरी. मोबाईलची रेंज लागत नाही, इंटरनेट लागत नाही.

मधला डबा बसवायला एकच जागा होती, शेषेरावांचा आखाडा, म्हणजे रानातला गोठा. भावकीत कुणी कुणी कुरकुरलं, बौद्धवस्तीतल्या पोराचं यंत्र आपल्या रानात कशाला म्हणून. शेषेरावांनी कुणाशी वाद घातला नाही. देवणीहून लोखंडी पाइप आणला आणि सुगतला निरोप पाठवला, "खांब उभा केलाय. ये."

दोन पावसाळे यंत्र नीट चाललं. भोंगा वाजला की ओढ्यापलीकडची माणसं वरच थांबायची. आणि हळूहळू असं झालं की भोंगा वाजला नाही तर कुणी वर आभाळाकडं बघेना. शेषेराव रोज सकाळी आखाड्यावर गेले की आधी डब्याचा हिरवा दिवा बघायचे. दिसला की म्हणायचे, "हाय. जागा हाय."

तिसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या वळवात, आखाड्याजवळ वीज पडली आणि मधला डबा जळाला. सुगतनं नवा तयार करायला घेतला. त्याच्याकडच्या सोळाच्या चिप संपल्या होत्या, म्हणून तो नांदेडला गेला. तिथं सोळाच्या चिप होत्या, पण जुन्या पाट्यांवरून काढलेल्या, वरचं नाव घासून नवं छापलेल्या. त्यानं तिथंच एक तपासली. वर लिहिलेली जागा आत नव्हती. त्याच दुकानात बत्तीस एमबीच्या चिप मात्र नव्या कोऱ्या, पाकीटबंद होत्या.

सुगत बराच वेळ विचार करत उभा राहिला. माणसांच्या जिवाचं काम आहे, घासलेल्या चिपवर कशाला टाकायचं, असं त्याला वाटलं. शिवाय दुप्पट जागा मिळाली तर ओढ्याचं पाणी कधी किती चढलं याची नोंदही डब्यातच ठेवता येईल. त्यानं बत्तीसची घेतली. लातूरला येऊन बसवली, फर्मवेअर घातलं, रेडिओचं माप उतरवलं. मग त्याच्या नेहमीच्या रीतीनं तपासलं. वायर काढायची, लावायची. पुन्हा काढायची, लावायची. डबा प्रत्येक वेळी उठला.

जूनच्या आधी तो आखाड्यावर बसलाही. शेषेरावांनी खाली उभं राहून शिडी धरली होती. "आता सालभराचं पाणी ह्याच्यात दिसंल," सुगत वरून म्हणाला. शेषेरावांना ते आवडलं.

सप्टेंबरात एका दुपारी गावात ऊन होतं आणि तोगरवाडीकडं आभाळ काळं झालेलं होतं. शेषेरावांची देवणी जातीची गाय ओढ्यापलीकडं मळ्यात बांधलेली होती, नुकतीच व्यालेली. घराच्या अंगणात त्यांची बायको केवळाबाई कडबाकुट्टी चालवत होत्या. मशीनचा आवाज मोठा, म्हणून शेषेराव जवळ येऊन ओरडून म्हणाले, "गाय घेऊन येतो. भोंगा न्हाई वाजला, वर काय नसंल."

घर ओढ्याच्या काठालाच आहे. ते उतरले तेव्हा पाणी पोटरीला होतं. मधे पोचले तेव्हा वळणावरून लोंढा आला. पलीकडं शेतात काम करणाऱ्या बायकांनी पाहिलं, पण त्या धावत येईपर्यंत काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या अंगाला, बाभळीत अडकलेले सापडले. गाय पलीकडं तशीच उभी होती.

सुगत मयतीला आला. स्मशानातून परतताना माणसं आपसात बोलत होती.

"भोंगा वाजला की! म्या ऐकला ना."

"दोन डाव वाजला. पर शेषेराव खळग्यात उतरले व्हते, तिथं काय ऐकू येणार."

एकजण सुगतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझ्या डब्यानं आपलं काम केलं बाबा. नशिबाला काय करावं."

सुगतनं मान हलवली. त्यालाही बरं वाटलं, हे त्यानं पुढं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. पण गाव सोडण्याआधी तो आखाड्यावर गेला. खांबावर डबा होता, हिरवा दिवा लागलेला होता. त्यानं मोबाईल काढून डब्याला जोडून बघितला. डबा दिसेना. पुन्हा बघितलं. दिवा जळत होता आणि आत कुणी नव्हतं. त्यानं वर चढून बॅटरीची वायर काढली, परत लावली. मिनिटभरात डबा उठला, तोगरवाडीशी बोलला, शाळेशी बोलला, जसं काही झालंच नव्हतं.

तो तिथं खांबाला धरून उभा राहिला. मग त्यानं डबा सोडवून पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी दुकानातला एक साधा राउटर आणून त्याच्या जागी तात्पुरता लावला.

लातूरला दुकानात त्यानं काढून आणलेला डबा टेबलावर ठेवला. वायर काढून लावली की उठत होता. एकदाही चुकत नव्हता. मग त्याला आठवलं की डब्याला त्यानंच एक नियम घालून दिला होता. शेजारचा राउटर बराच वेळ ऐकू आला नाही तर आपलं आपण रीस्टार्ट व्हायचं. जळालेल्या डब्यात तो नियम दोनदा कामाला आला होता. सुगतनं वायरीला हात न लावता, आतून, रीस्टार्टचा हुकूम दिला.

डबा बंद झाला आणि उठला नाही. हिरवा दिवा जळत राहिला.

त्यानं पुन्हा वायर काढून उठवला, पुन्हा हुकूम दिला. पुन्हा तेच. मग तो वाचायला बसला. जगभरचे लोक जिथं या फर्मवेअरबद्दल लिहितात तिथं हे दुखणं आधीच कुणी कुणी मांडून ठेवलेलं होतं. अशा जुन्या राउटरला सुरू होताना चिपमधला पत्ता आखूड लिहायची सवय असते, आणि त्या पत्त्यात सोळापर्यंतच जागा मोजता येते. बत्तीसची चिप वापरायची तर फर्मवेअर तिला लांब पत्ता वाचायला शिकवतं. वीज गेली की चिप ते विसरते आणि सगळं पुन्हा सुरळीत होतं. पण वीज न जाता डबा स्वतःच रीस्टार्ट झाला तर चिप अजून लांब पत्त्याची वाट बघत असते आणि डबा तिला आखूड पत्ता सांगत असतो. दोघं एकमेकांकडं बघत बसतात. कुणीतरी येऊन वायर काढेपर्यंत.

त्या दुपारी वर पाऊस झाला, तोगरवाडीचा डबा बराच वेळ ऐकू आला नाही, आखाड्यावरच्या डब्यानं सांगितल्याप्रमाणं स्वतःला रीस्टार्ट केलं, आणि तिथंच अडकला. भोंगा वाजलाच नव्हता. वाजणं शक्यच नव्हतं.

सुगतनं दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि आत बसून राहिला. गिऱ्हाइकं येऊन हाक मारून गेली.

त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. तेरवी झाली. गावात त्याच्याबद्दल चांगलंच बोललं जात होतं. शेजारच्या गावाच्या सरपंचानं आपल्याकडंही असा भोंगा बसवशील का, असं फोन करून विचारलं. सुगत म्हणाला, बघू.

मग एके दिवशी त्याच्या आईचा, पार्वतीबाईंचा, फोन आला. त्या केवळाबाईंना भेटून आल्या होत्या.

"ती खाईना बघ," पार्वतीबाई म्हणाल्या. "कानावर हात ठेवून बसती. म्हणती, भोंगा वाजला, समद्या गावानं ऐकला, म्या कुट्टी चालवत बसले. एक हाक मारली असती तर माघारी फिरले असते. पोरगं बी तिच्याशी बोलंना. सुदर्शन म्हणला म्हणं तिला, मशीन बंद करून बघायचं व्हतं. त्या दिवसापास्नं तिनं कुट्टीला हात लावला न्हाई."

सुगतनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"ऐकलास का रे?"

"ऐकायलोय, माय."

दुसऱ्याच दिवशी तो बेलसांगवीला गेला आणि वडिलांना सगळं सांगितलं. त्याचे वडील पंढरी टेलिफोन खात्यात लाइनमन होते, आता निवृत्त. त्यांनी मधे एकही प्रश्न न विचारता ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कुणाला ठावं हाय हे?"

"तुम्हाला. मला."

"डबा आता चालायलाय?"

"वायर काढली की चालतो. कुणी तपासला तरी सापडणार न्हाई."

पंढरी उठून दारात जाऊन उभे राहिले. बाहेर वस्तीतली पोरं खेळत होती. त्यांची पाठ सुगतकडं होती. "तू शिकलेला हाईस, लातूरला राहतोस. तुला वाटंल, चूक माझी, मी सांगून टाकतो. पर इथं ती तुझ्या एकट्याची राहणार न्हाई. म्हणतील, वस्तीवाल्याच्या यंत्रानं बिरादार मारला. तू सांगून एस.टी.त बसशील. इथं आमच्या बायांना उद्या कामाला जायचं हाय."

"मग नको सांगू म्हणता?"

"म्या काय म्हणायलोय ते तुला कळलं," पंढरी म्हणाले.

पार्वतीबाईंनी जेवायला वाढलं, कुणी धड जेवलं नाही.

सकाळी सुगत चप्पल घालत होता तेव्हा पंढरी धुतलेला सदरा घालून बाहेर आले. सुगतनं बघितलं.

"एकट्यानं जाऊ नको," ते म्हणाले. "तू बोल. म्या बसतो."

केवळाबाई ओसरीत बसल्या होत्या. सुदर्शन, त्यांचा मुलगा, बैलाच्या गव्हाणीपाशी काहीतरी करत होता. पंढरींना बघून तो जवळ आला, सतरंजी टाकली. सुगत सतरंजीवर न बसता केवळाबाईंच्या समोर, जमिनीवर बसला.

"मामी, भोंगा वाजला न्हाई त्या दिवशी."

त्यांनी वर बघितलं.

"वाजला म्हणून जे म्हणायलेत त्यांचं खरं न्हाई. आखाड्यावरचा डबा अडकला व्हता. दिवा जळत व्हता, पर आतून बंद पडला व्हता. खबर पुढं गेलीच न्हाई. उन्हाळ्यात म्या जो डबा बदलला, त्यात चिप चुकीची घेतली. मला वाटलं मोठी हाय, नवी हाय, चांगली असंल. वायर काढून तपासली, दुसऱ्या रीतीनं तपासली न्हाई. चूक माझी."

केवळाबाईंना चिपचं किती कळलं कोण जाणे.

"म्हंजे वाजलाच न्हाई?"

"न्हाई, मामी."

"कुट्टी बंद असती तरी?"

"तरी ऐकू आला नसता. वाजलाच न्हाई तर काय ऐकू येणार?"

केवळाबाईंनी हळूच दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग त्या लेकाकडं वळल्या. "ऐकलंस का रे?"

सुदर्शन ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. आईकडं त्याला बघवेना. तो सुगतकडं आला, एवढ्या जवळ की पंढरी उठून उभे राहिले.

"रोज सकाळी दिवा बघायचे ते," सुदर्शन म्हणाला. "रोज. मला म्हणायचे, सुगतनं लई भारी काम केलं. भावकीशी भांडले तुझ्यापायी. आन तू... चांगली असंल म्हणून बसवलीस?"

"हाव."

"उठ. खांब उपट माझ्या रानातला. आजच्या आज. परत ह्या दारात येऊ नको."

सुगत उठला. पंढरींनी केवळाबाईंना हात जोडले. त्यांनी बघितलंही नाही. त्या पदर तोंडाला लावून रडत होत्या, आणि ते रडणं मयतीच्या दिवसानंतर पहिल्यांदाच बाहेर आलेलं होतं, असं पार्वतीबाई पुढं सांगायच्या.

बाप-लेकांनी आखाड्यावर जाऊन खांब काढला. पंढरींनी लाइनमनच्या सवयीनं वायरी गुंडाळून बांधल्या, माती सारखी केली. परतताना ते एकदाच बोलले. "बरं झालं," म्हणाले, आणि नेमकं काय बरं झालं ते सांगितलं नाही.

पंढरींना जी भीती होती ती थोडी खरी झाली. ज्यांनी भोंगा ऐकला होता ते काही दिवस गप्प झाले, काहींनी तरीही ऐकल्याचाच हेका धरला. शेजारच्या गावच्या सरपंचाचा फोन परत आला नाही. सोयाबीनच्या काढणीला दोन-तीन घरांनी वस्तीतल्या बायकांना बोलावलं नाही, निलंग्याकडून टोळी आणली. वस्तीत एक-दोघी पार्वतीबाईंना तोंडावर बोलल्या, तुझ्या लेकाला खरं बोलायची हौस, पोट आमचं. पार्वतीबाईंनी ऐकून घेतलं. बिरादारांच्या रानात मात्र दरवर्षीच्याच बायका गेल्या. बोलावणं केवळाबाईंनीच पाठवलं होतं.

सुगतनं त्या दिवसांत राउटरला हात लावला नाही. चार्जर, इन्व्हर्टर एवढंच. बत्तीसचा तो डबा फळीवर पालथा पडून होता.

दिवाळीच्या आधी एका दुपारी सुदर्शन दुकानात आला. गल्लीत दिव्यांच्या माळांची गर्दी होती. तो काउंटरच्या बाहेरच उभा राहिला. सुगतनं आतलं स्टूल पुढं सरकवलं. सुदर्शन बसला नाही.

"दाखव," तो म्हणाला.

"काय?"

"कसं झालं ते. मला बघायचंय."

सुगतनं फळीवरचा डबा काढला, पुसला, टेबलावर ठेवून वायर लावली. डबा उठला. लॅपटॉपच्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी पळत गेल्या आणि थांबल्या. "आता हा जागा हाय," सुगत म्हणाला. मग त्यानं रीस्टार्टचा हुकूम दिला. पडद्यावरच्या ओळी तुटल्या आणि पुढं काहीच आलं नाही. हिरवा दिवा तसाच.

सुदर्शन त्या दिव्याकडं बघत राहिला.

"असाच दिसत व्हता वर?"

"असाच."

"परत कर."

सुगतनं वायर काढून डबा उठवला आणि पुन्हा दाखवलं. सुदर्शननं आणखी एकदा करायला लावलं. त्यानंतर तो स्टुलावर बसला. बाहेर कुणीतरी माळेचे दिवे लावून बघत होतं, ते लागत होते, विझत होते.

"मी आईला बोललो व्हतो," तो म्हणाला. "तिच्यामुळं झालं म्हणून. तू सांगितलंस तरी ते शब्द काय माघारी येत न्हाईत."

सुगतनं वायर काढून दिवा विझवला.

"ती म्हणायली भोंगा पुन्हा बसवा. पुढल्या साली आणखी कुणी जाईल म्हणती. मला पटत न्हाई. खरं सांगायलो, तुझं तोंड बघावं वाटत न्हाई मला. पर तिनं पाठवलंय."

सुगतनं ड्रॉवर उघडला. महिनाभरापूर्वी, काम बंद असतानाही, त्यानं बेंगळुरूहून सोळाच्या अस्सल चिप मागवून ठेवल्या होत्या. कशासाठी ते त्यानं स्वतःलाही विचारलं नव्हतं. त्यानं एक चिमट्यात धरून सुदर्शनच्या तळहातावर ठेवली. "ही लहान हाय, पण आखूड पत्ता हिला पुरतो. डबा कसाही उठू दे, ही अडकत न्हाई. आणि ह्या खेपेला नियम बदलायचा. आखाड्यावरच्या डब्याकडून थोड्या थोड्या वेळानं 'मी हाय' अशी खबर शाळेपर्यंत जाणार. ती आली न्हाई की भोंगा आपला आपण वाजणार, तुटक तुटक. पाण्याचा वेगळा, ह्याचा वेगळा."

"म्हंजे बंद पडला तर गप बसणार न्हाई."

"न्हाई. हे आधीच करायला पायजे व्हतं."

"पायजे व्हतं," सुदर्शन म्हणाला.

सुगतनं गरम हवा लावली. डाखासाठी लावलेल्या चिकट द्रव्याचा वास दुकानात पसरला. बत्तीसची चिप सुटून निघाली, सोळाची तिच्या जागी बसली, भिंगाखाली त्यानं एकेक पाय तपासला. फर्मवेअर घातलं, रेडिओचं माप घातलं. मग लॅपटॉप सुदर्शनकडं वळवला. "हे दाबलं की रीस्टार्ट. तूच बघ."

सुदर्शननं दाबलं. डबा बंद झाला, उठला. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा उठला. तो दाबत राहिला. सुगतनं त्याला थांबवलं नाही. गिऱ्हाइकं आली, सुगतनं त्यांना उद्या या म्हणून सांगितलं. गल्लीत ऊन उतरलं तरी सुदर्शन तिथंच होता, दर वेळी ओळी पळून थांबेपर्यंत वाट बघत, ओठ घट्ट मिटून, जणू एखाद्या वेळी तो उठणार नाही याची त्याला खात्रीच होती.

शेवटी त्यानं हात काढून घेतला आणि डोळे चोळले.

"अजून तपासणार हाईस का?"

"आठवडाभर चालू ठेवणार. असाच. पाणी मारून, उन्हात ठेवून."

"ठेव."

तो उठला. सुगत चहा सांगायला निघाला तर त्यानं हातानं नको म्हटलं. काउंटरच्या बाहेर गेल्यावर तो थांबला, पण मागं वळला नाही.

"पुढल्या रविवारी ये," तो म्हणाला. "आई घरी असती."

आणि तो गर्दीतून बसस्टँडच्या दिशेनं निघून गेला.